विचारल्याशिवाय धरलेला हात

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखाना समितीचे प्रमुख सॉ ब्ले थॉ काका, नदीपलीकडून आलेले पाहुणे, ज्यांना आपण आज जड मनाने निरोप देत आहोत त्या आपल्या नॉ सा मू बाई, पुढच्या रांगेतल्या सुईण आज्या, परिचारिका ताया आणि मागे खांबाला टेकलेले माझे मित्र, सर्वांना नमस्कार.

यांगूनचं कॉलेज तिसऱ्या वर्षी सोडून आलेल्या माणसाला समितीने भाषणाला उभं केलं, हे तुमचं धाडसच म्हणायचं. बाईंना लेकीकडे, बर्फाच्या देशात जायची परवानगी नऊ वर्षांनी मिळाली. त्यांनी या बांबूच्या दालनात मनाने मोडलेल्यांना सावरायला किती जणांना तयार केलं, ते काकांनी सांगितलंच. काय शिकवलं, तेवढं मी सांगतो.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "ज्याचं गाव जाळलंय, ज्याला सैनिकांनी उचलून नेलंय, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नाडी बघायची असली तरीसुद्धा." तेव्हा आपल्या सुईण मू ना आजी काय म्हणाल्या, आठवतंय?

"मग बाळंतिणीलाही विचारू का बाई, बाळ काढू का म्हणून?"

सगळे पोट धरून हसले. बाई म्हणाल्या, "विचारायचं." आजी, तुम्ही आता विचारता. मी दाराबाहेरून ऐकलंय.

मी ते वहीत उतरवलं, तोंडपाठ केलं. परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण होते.

आमच्या तुकडीत नॉ लर पॉ होती. आज ती इथे नाही. ती मला आवडायची. हसा, खुशाल हसा. "अजून आवडते" असं कोण म्हणालं मागून? क्लर मू, तुझाच आवाज. होय रे बाबा, अजून.

आमच्यात सगळ्यांत हुशार तीच. एक विधवा चार महिने कुणाशी बोलत नव्हती. लर पॉ तीन दुपारी तिच्याजवळ नुसती शेंगा सोलत बसली. चौथ्या दुपारी त्या माउलीने तोंड उघडलं. आमच्यापैकी कुणाला जमलं असतं हे?

त्याच लर पॉला सैनिकांनी चौकीवर अकरा दिवस हात बांधून ठेवलं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

प्रशिक्षण संपलं ते ऑगस्टच्या पौर्णिमेला, म्हणून आपण मनगटाला दोरे बांधायचा समारंभ ठेवला. भेदरून भटकलेला जीव अंगात परत यावा यासाठीच तर तो दोरा. आजींनी जिन्यावर पळी आपटून जिवाला हाका मारल्या. केळी, ऊस, भाताचे गोळे, सगळं मांडलेलं. आणि मी, आनंदाच्या भरात, मागून जाऊन तिची दोन्ही मनगटं धरली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात आपणहून पाठीमागे नेले, एकावर एक ठेवले आणि गुडघ्यांवर बसली. पुढे काय होणार त्याची वाट बघत.

मला कळलंच नाही हो. मी हसतच होतो. बाई जवळ गेल्या नाहीत. समोर, लांबवर, जमिनीवर बसल्या आणि हळू आवाजात सांगत राहिल्या, "लर पॉ, हा दवाखाना आहे. मी सा मू. आज पौर्णिमा आहे." किती वेळ, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून ती दवाखान्यात कामाला आली नाही. मग मी काय केलं? माझा स्वभाव तुम्ही जाणता. तीन दिवस तिच्या घरासमोर उभं राहून मोठमोठ्याने माफी मागितली. शेवटी बाई तिथे आल्या. म्हणाल्या, "तुला माफी हवीय. तिला झोप हवीय. तू इथे कुणासाठी आलायस?"

याला सात महिने झाले. काका, मघाशी तुम्ही जाहीर केलंत की पुढची तुकडी मी शिकवणार. टाळ्याही पडल्या. मला ते जमणार नाही. गेल्या आठवड्यात लर पॉची आई भेटली. पाऊस कधी येईल ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, "पोरगी रोज सकाळी डबा घेऊन दवाखान्याकडे निघते रे. विहिरीपर्यंत येते. तुझा आवाज आला की मागे फिरते."

म्हणून उद्या पहाटे मी वरच्या खोऱ्यातल्या दवाखान्यात चाललोय. दोन दिवसांची वाट आहे. तिथे माणूस हवाच होता. काल बाईंना सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "तिला यातलं काही कळू देऊ नकोस. नाहीतर तुझ्या उपकाराचं ओझं तीच वाहत बसेल."

तेव्हा सभेला माझी हात जोडून विनंती आहे. तिने विचारलं तर 'बदली झाली' एवढंच सांगा. नाही विचारलं तर तेवढंही नको. मी का गेलो याच्या चार कथा तुम्ही उद्या रचाल आणि त्या तिच्या कानावर जातील, या भीतीने मी हे आधीच बोलून टाकलं.

बाई, तुमचा प्रवास सुखाचा होवो. तुम्ही दिलेलं फिटणार नाही. अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. अशा वेळी वक्ते म्हणतात, कुठे काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा. बाईंनी आत्ता मान खाली घातली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिची ही सगळी कहाणी मी भरल्या सभेत सांगितली, आणि तिला विचारलं नाही.

एवढी चूक तुम्ही माफ करू नका. ती माफी तुमच्या हातातली नाही. बसतो.