लख्ख आवाज

सन छप्पन, ऐन हिवाळा. गोरेगावचा सावंत रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने माझा चावीचा फोनो नेला आणि बदल्यात विजेवरचा नवा आणून दिला. म्हणाला, “वरचे पैसे नकोत रे, उपकार समज.”

मी धाकट्या भावाच्या भजनाची तबकडी लावली. दत्तू जाऊन सात वर्षं झाली होती. जुन्या फोनोवर खरखरीतून त्याचा गोड आवाज तेवढा यायचा. नव्यावर प्रत्येक ओळीनंतर दाबलेला खोकला ऐकू आला.

तबकडी भरायच्या दिवशी तो म्हणाला होता, “दादा, छातीत दुखतंय.”

मी म्हणालो होतो, “नाटकं करू नकोस, गा.”

महिन्याभरात गेला.

सावंताने विचारलं, “कसा लख्ख वाजतो ना?”

“फार लख्ख.”

त्याचं यंत्र त्याच्या दारात ठेवलं, माझा फोनो उचलला. उपकार फिटले.