रुक्मिणीच्या गालावरचं ताक

मंडळी, ऐका. पुढे बसलेल्या पोरांनो, तुम्हीही ऐका. देवानं दिलेला चेहरा राखायचा कुठून — बाहेरून की आतून?

आमच्या खालच्या वाडीतला बाबल मेस्त्री हा दशावतारी नट. वीस वर्षं रुक्मिणी करायचा. शालू नेसून उभा राहिला की बायकाही आपला पदर सारखा करायच्या! पण चाळिशी उलटली, गाल ओघळले, कपाळावर नांगरट झाली. पावसाळ्याच्या तोंडाला कंपनीचे मालक नाना धुरी म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो, बाबल. नाहीतर यंदा तू रुक्मिणीचा बाप हो."

वीस वर्षांची नवरी, आणि एकदम बाप!

मग काय? क्रीम, चंदन, काकडी. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या आणि खाली तोंडात भजी! दौऱ्यावरची सवयच ती — तळलेलं, पाव, दिवसाला बारा कप चहा. पोट कायम फुगलेलं.

शेवटी पोटासाठी दवाखाना गाठला, आणि जाता जाता चेहऱ्याचंही विचारलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पोरांनो, हे नीट ऐका. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. आपण खातो त्यावरच ते जगतात. भाजी, कडधान्यं, ताक मिळालं की खूश. नुसतं तळलेलं मिळालं की त्यांचं बिनसतं, अंगात दाह वाढतो, आणि त्याची झळ कातडीला लागून ती लवकर सुरकुतत असावी. "असावी" म्हणाल्या बरं का बाई, शोध अजून चालू आहे. मी पदरचं घालत नाही. म्हणाल्या, रोज ताक, भाजी आणि कुळथाची पिठी, चेहऱ्यालाही बरं.

आता नटाची जात बघा. चेहरा म्हटलं की हात रंगाच्या डबीकडे! आठ दिवस बाबल ओसरीवर — गालाला ताक, कपाळाला पिठी. माश्या आल्या. मांजर आलं, त्यानं हनुवटी चाटली. बायको शेवंती शांतपणे म्हणाली, "अहो, रुक्मिणीची कढी झाली. तोंड दोन बोटं खाली आहे, तिथे घाला."

मग घातलं. चार महिने रोज जेवला — ताक, पिठी, पालेभाजी. चहा दोन कपांवर आला. पोट निवलं, झोप लागू लागली.

दिवाळीला नानांनी त्याला अंगणात उन्हात उभं केलं. हनुवटी धरून इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"सुरकुत्या आहेत तिथेच आहेत," नाना म्हणाले. "पण असलं तकतकीत तोंड घेऊन बाप कसा होशील? पोरीपेक्षा बाप कोवळा दिसेल. ने तो शालू."

मंडळी, आज घरून निघताना पावडर किती जणांनी लावली? हात वर करू नका, मला इथून दिसतंय. आता पंगतीत पालेभाजी येईल, तेव्हा पानावर हात आडवा धरू नका. आत कोट्यवधी पाहुणे उपाशी बसलेत — त्यांना वाढा, आणि मग आरशाकडे जा.