पट्ट्याची अर्धा इंच ढील

अकोल्याला आमच्या शेजारच्या वामनरावांनी जुनी मोटार घेतली, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या लेकीची अमरावतीला शिक्षिकेच्या नोकरीची मुलाखत होती. मीही सोबत जाणार होतो. निघताना मी इंजिनाच्या पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. म्हटलं, “वामनराव, पट्टा ढिला आहे ना जी.”

“मिस्त्री म्हणे, अर्धा इंच दबलाच पाहिजे.”

“मिस्त्र्याचं काय जाते? कापसाच्या गाडीचा दोर असा ढिला ठेवता काय तुमी?”

हे त्यांना पटलं. आम्ही दोघांनी पहार लावून पट्टा आवळला. मूर्तिजापूरच्या अलीकडेच तो तुटला, इंजिन तापलं आणि गाडी थांबवावी लागली. तेवढ्यात मागून एस.टी. आली. लेकीनं हात दाखवून थांबवली.

वामनराव म्हणाले, “मी येतो ना संगं.”

माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “तुमी गाडीपाशीच थांबा, बाबा. नाई तं काका अजून काई आवळतीन.”