चाकाखाली कोणी नसतं

सून नखरे करते, डॉक्टरांनीच तिला चांगलं झापावं, म्हणून सासूबाई तिला मनोविकारांच्या दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. दिवसभर हात धुऊन धुऊन सुनेच्या हातांची कातडी सोलवटली होती. शेजारच्या बाकावर एका बसड्रायव्हरची बायको त्याला हळूच सांगत होती.

“आत गेल्यावर सगळं सांगा हं. काल एकाच स्पीडब्रेकरला सात वेळा उतरलात.”

“आणि नोकरी घालवू?”

“चाकाखाली कोणी नसतं ना?”

“नसतंच. पण परत गाडीत बसलो की वाटतं, नीट बघितलंच नाही.”

“एखादा अपघात झाला असता तर लोकांना तुमची भीती समजली तरी असती.”

“अगं, माझ्या गाडीखाली आजवर कोंबडीसुद्धा आली नाही. हे वेड्यासारखं आहे, मला कळतं. कळूनही पाय खाली उतरतात.”

“मला वाटलं, कामाचा कंटाळा. किती बोलले मी तुम्हाला!”

“तू बोललीस की दुसऱ्या दिवशी जास्तच उतरायचो.”

सासूबाईंची मान खाली गेली.

“सूनबाई, न्हाणीतला साबण मीच लपवत होते.”

“माहीत आहे, आई. मग मी फरशीच्या ॲसिडने धुवायचे.”