खुनाचा सीन आणि आजोबांचा रंधा

...आणि वर कॉलेजात मलाच विचारतात, रक्त कुठल्या दुकानातून आणलंस, अगदी खरं दिसतंय. आता काय सांगू? बाबांच्या हिरडीतून आणलं म्हणू? तुम्हाला सांगते, नुसतं साहित्य घेतलं असतं ना, तर आमच्या घरात रक्ताचा थेंब सांडला नसता. पण नाही, मला हौस. इंग्रजी साहित्य आणि त्याच्या जोडीला सिनेमा आणि माध्यमं, दोन्ही एकाच पदवीत. आई तेव्हाच म्हणाली होती, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, फाटशील. मी फाटले नाही. बाबांचा ओठ फाटला.

तुम्हाला वाटत असेल, काय सुंदर शिक्षण, कविता वाचायच्या, सिनेमे बघायचे. आमचं वेळापत्रक ऐका. सोमवारी नऊला साहित्याचा तास, त्यात राजाला विष. अकराला पुन्हा साहित्य, त्यात म्हाताऱ्याचे डोळे काढतात. जेवून आलं की सिनेमाचा तास, तिथे तेच डोळे स्लो मोशनमध्ये, तीनदा, मागे-पुढे करून. तीन वर्षं मी हे वहीत उतरवून घेतेय. घरी भाजी चिरताना माझ्या हातात सुरी दिसली की आई आपली जरा लांब उभी राहते.

बरं, दोन विषय म्हणजे दोन गुरू. साहित्याच्या मॅडम आणि सिनेमाचे सर. दोघांमध्ये विळ्या-भोपळ्याचं सख्य. मॅडमचं म्हणणं, "खून पडद्यामागे व्हावा. रंगमंचावर यावेत ते फक्त शब्द." सरांचं म्हणणं, "सांगू नकोस, दाखव. शब्द रेडिओला." आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प काय, तर नेमलेल्या नाटकातला एक प्रसंग घ्यायचा, त्याची फिल्म करायची आणि दोघांची सही आणायची. एक सही कमी पडली तर पदवी नाही. आणि आमच्या बाबांनी, सुतार माणूस, पदवीसाठी पहिल्या वर्षीच सागवानी चौकट करून ठेवलेली. वर्कशॉपच्या भिंतीवर, काच बसवून, पॉलिश मारून, रिकामी. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतात, "इथे आमच्या पोरीची पदवी येणार." खिडकीचं माप द्यायला आलेला माणूस बिचारा पाच मिनिटं रिकामी चौकट बघत उभा.

नाटक कसलं, तर फार जुनं, मॅडम सोडल्या तर कुणी वाचलेलं नाही. दोन भाऊ. धाकटा थोरल्याला आतल्या खोलीत हातोड्यानं मारतो आणि मग नोकर बाहेर येऊन नव्वद ओळी सांगतो की कसं मारलं. मॅडमना त्या नव्वद ओळी हव्यात. सरांना हातोडा हवा. वर सर म्हणाले, "खरा राग असल्याशिवाय कॅमेरा फसत नाही. आपल्या माणसांतला राग शोध." नुसतं साहित्य घेतलं असतं ना, तर मी राग शब्दकोशात शोधला असता. मी कुठे शोधला? घरात.

आमच्या घरात राग म्हणजे बाबा आणि काका. सख्खे भाऊ, दोघंही सुतार, दोन गल्ल्यांचं अंतर आणि अकरा वर्षं बोलणं नाही. कशावरून? रंध्यावरून. लाकूड तासायचा रंधा हो, आजोबांचा, लाकडी, आजोबांच्या पंज्याचा खड्डा पडलेला. आजोबा गेले आणि रंधा काकांकडे राहिला. बाबा मागायला गेले नाहीत, काका द्यायला आले नाहीत. संपलं. भर रस्त्यात समोरासमोर आले तरी दोघं वर आभाळाकडे बघतात.

मी दोघांकडे वेगवेगळी गेले. बाबांना म्हटलं, माझ्या परीक्षेसाठी मरायचंय. म्हणाले, "मरतो." काकांना म्हटलं, बाबांना मारायचंय. काका म्हणाले, "बोलावं लागेल का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग येतो."

चित्रीकरण बाबांच्याच वर्कशॉपमध्ये. कॅमेऱ्यावर आमचा वर्गमित्र चष्मा. त्याचं नावच ते, पण कॅमेऱ्याला डोळा लावताना चष्मा काढून ठेवतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हातोडा फोमचा, वर करडा रंग. आणि आमच्याकडे एक नियम, सरांनी पहिल्या दिवसापासून घोटून घेतलेला : दिग्दर्शकानं कट म्हटल्याशिवाय आभाळ कोसळलं तरी मध्ये पडायचं नाही.

पहिला टेक. काकांनी हातोडा असा मारला, जसं झोपलेल्या बाळावरची माशी हाकलतायत. दुसरा, तोच. सहा टेक झाले, बाबा दर वेळी मरून उठायचे आणि पँटवरचा भुसा झटकायचे. दुपारचे तीन वाजले, उजेड चालला, आणि मी काय केलं... सांगायलाही लाज वाटते, पण सांगते. काकांना कोपऱ्यात घेतलं आणि म्हटलं, "काका, बाबा म्हणतात तुम्ही रंधा विकून खाल्लात." मग बाबांजवळ गेले, "बाबा, काका म्हणत होते, आजोबा म्हणायचे थोरल्याच्या हातात रंधा म्हणजे माकडाच्या हातात कोलीत." दोन्ही थापा. सरांच्या भाषेत याला अभिनय काढून घेणं म्हणतात. आईच्या भाषेत चुगल्या.

चष्मा म्हणाला, "रोलिंग." मी म्हटलं, "ॲक्शन."

काकांनी फोमचा हातोडा फेकून दिला. तिथेच मला कळायला हवं होतं. पहिला ठोसा बाबांच्या तोंडावर, असा आवाज आला की आम्ही नंतर डबिंगमध्येही घालू शकलो नसतो. बाबा, माझे बाबा, जे मुंगीला वळसा घालून जातात, त्यांनी काकांच्या पोटात डोकं घातलं आणि दोघं फळ्यांच्या थप्पीवर. थप्पी कोसळली. सरसाचा डबा सांडला. काकांनी बाबांचा कान धरून पिळला, बाबा काकांच्या अंगठ्याला चावले, दोघं सरसात लोळून भुशात लोळले, तळायला टाकायच्या आधी घोळतात ना, तसे. काकांनी फळी उचलली. बाबांनी हाताला लागेल ते भिंतीवरून ओढलं, आणि हाताला काय लागलं? ती चौकट. काचेसकट काकांच्या डोक्यात. पदवीचा पत्ता नाही आणि पदवीची चौकट काकांच्या गळ्यात.

आणि मी? मी कट म्हटलं का? नाही म्हटलं. माझ्या बापाच्या तोंडातून रक्त वाहतंय आणि माझ्या मनात काय, तर वा, काय फ्रेम आहे. नुसतं साहित्य घेतलं असतं ना, तर मी निदान किंचाळले असते. शेवटी बाबांचा पुढचा दात उडून माझ्या स्क्रिप्टवर पडला, बरोब्बर नव्वदाव्या ओळीवर, तेव्हा मी कट म्हटलं. चष्म्यानं बटण दाबलं, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघं बर्फ आणि कापूस आणायला पळालो. परत आलो तर दोन्ही म्हातारे भिंतीला टेकून शेजारी शेजारी छताकडे बघत बसलेले. डॉक्टरकडे नेलं. दात एक, टाके नऊ, दोघांत मिळून.

संध्याकाळी एडिटिंगला बसलो. मारामारीची फाइल नाही. शोधली, सगळीकडे शोधली. मग चष्मा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "रिहर्सलमध्येच माझ्याकडून बटण दाबलं गेलं असणार." म्हणजे काय, कळलं का? कॅमेरा आधीच चालू होता. ॲक्शनला यानं बटण दाबलं, तो बंद झाला. कटला दाबलं, तो चालू झाला. लाल ठिपका बघायचा असतो, पण ठिपका दिसायला डोळ्यांवर चष्मा लागतो. मी त्याचा गळा धरला. खरंच धरला, दोन्ही हातांनी. अंगात आलंच होतं.

पण दुसरी एक फाइल होती. वीस मिनिटांची. टेबलावरून, तिरकी. आम्ही बर्फ आणायला गेल्यानंतरची. आधी नुसते धापांचे आवाज. मग काका गळ्यातली चौकट काढतात. मग म्हणतात, "दादा, मी रंधा विकला असं तू म्हणालास?" बाबा म्हणतात, "मी कधी म्हणालो? आणि तू मला माकड म्हणालास?" "कोण सांगतं?" "पोरगी." "मलाही पोरगीनंच सांगितलं." मग काका म्हणतात, "मला वाटलं तू मागायला येशील." बाबा म्हणतात, "मला वाटलं तू द्यायला येशील." आणि मग काका स्वतःच्या सदऱ्यानं बाबांचं तोंड पुसतात आणि बाबा, दात नसलेल्या तोंडानं, म्हणतात, "तिला कळू देऊ नकोस आपल्याला कळलंय. परीक्षा होऊ दे. मग बघू."

मी रडले हो. चष्माही रडला, एका हातानं गळा चोळत.

दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, मी तीच वीस मिनिटं नेऊन मॅडम आणि सरांना दाखवली. दिवे लागले. मॅडम उभ्या राहिल्या, "खून पडद्यामागे. रंगमंचावर फक्त शब्द. हेच मी तीस वर्षं सांगतेय." सर म्हणाले, "पण खून कुठाय? आणि यात मरतं कोण?" तेव्हा मॅडमच्याही लक्षात आलं, "हो, आणि माझ्या नव्वद ओळी कुठायत?" सरांनी टेबलावर मूठ आपटली. मॅडमनी नऊशे पानांचा ग्रंथ असा आपटला की सरांचा चहा सरांच्याच मांडीवर. दोघं एकमेकांच्या अंगावर धावले आणि मी मध्ये पडले नाही, सवय गेलेली. शेवटी निकाल काय? आठ दिवसांत पुन्हा चित्रीकरण. खून दिसलाच पाहिजे आणि ओळी ऐकू आल्याच पाहिजेत. तर सह्या.

म्हणून आज सकाळी वर्कशॉपमध्ये गेले, चष्म्याला घेऊन. दोघं भाऊ एका बाकावर. आजोबांचा रंधा बाबांच्या हातात, लाकूड काकांनी धरलेलं, नवी चौकट चाललीय, जुनीपेक्षा मोठी. अकरा वर्षांचं बोलणं तुंबलेलं, दोघं एकाच वेळी बोलतायत, ऐकत कुणीच नाही. मी म्हटलं, बाबा, काका, फक्त एकदा. एक ठोसा. हलकासा. माझी पदवी जाईल. हात जोडले, सांगते तुम्हाला, सख्ख्या बापाला मारा म्हणून सख्ख्या काकांसमोर हात जोडले.

काका म्हणाले, "भांडायला कारण लागतं, बाळा."

बाबा म्हणाले, "आणि कारण कोण पुरवतं, ते आम्हाला माहीत आहे. तुझी परीक्षा झाली ना एकदा?"

मी म्हटलं, झाली, पण...

बाबांनी रंधा खाली ठेवला आणि उठून दाराला कडी घातली. काकांनी कोपऱ्यातून हातोडा उचलला. फोमचा होता की खरा, नीट दिसलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, माझ्यावर. पळायला जागा नव्हती. नुसतं साहित्य घेतलं असतं ना, तर मी आईला हाक मारली असती.

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "मारा. पण थांबा... आधी चष्म्याला लाल ठिपका बघू द्या."