पिशोर वर, करमाड उजवीकडं

नाय नाय, नारळाला दोष देऊ नका! नारळाचं काम फुटायचं, तो बिचारा फुटला. पण त्याचं पाणी कॉम्प्युटरवर शिंपडा असं काकासाहेबांना सांगितलं कुणी? दसऱ्याला कुणी वजनकाटा पुजतो, कुणी मोटारसायकल. यांचं दुकान लग्नपत्रिकांचं, शहराच्या मधोमध, भर औरंगपुऱ्यात, म्हणून यांनी कॉम्प्युटर पुजला. चांगलंच केलं! झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं… तेवढ्यावर थांबावं की नाय माणसानं? नाय! वरच्या जाळीतून पाणी आत गेलं, आतून 'चर्र' झालं, आणि मदरबोर्ड खलास. सरूबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, ताट घेऊन तिथंच उभ्या. म्हणाल्या, "अहो, हा काय उदबत्तीचा वास नाय!"

मग आला फरहान. बाजूच्या गल्लीतला रिपेरिंगवाला. हाताला गुण आहे, मनाचाही चांगला, पण तुम्हाला सांगतो, या सगळ्या रिपेरिंगवाल्यांचं एक औषध ठरलेलं असतं. माऊस हालंना? फॉरमॅट. आवाज येईना? फॉरमॅट. म्हणजे काय, तर आतलं सगळं धुऊनपुसून टाकायचं आणि विंडोज नव्यानं घालायची. यानंही कॉम्प्युटरचा डबा उघडला, वास घेतला, मान हलवली. "काका, बोर्ड तो गया. नया डालना. और फॉरमॅट मारना पडेगा."

"बोर्ड बदल," काकासाहेब ओरडले, "डबा बदल, पायजे तर मला बदल! पण फॉरमॅट मारायचं नाय!"

"अरे काका, फाइलां पेन ड्राइव्हमें ले लेते ना. कायकू टेन्शन लेते?"

आता तुम्ही म्हणाल, बरोबरच बोलतोय की तो. पण गोम तिथंच आहे! काकासाहेबांनी आजवर एकाही फाइलीला नाव दिलेलं नाय. न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर अमुक, न्यू फोल्डर तमुक… मग सापडायचं कसं? जागेवरून! स्क्रीन म्हणजे यांचा जिल्ह्याचा नकाशा! पिशोर वर, पैठण खाली, वैजापूर डावीकडं, करमाड उजवीकडं, आणि मधोमध शहर. गिऱ्हाइकानं दारातून नुसतं गावाचं नाव घेतलं की यांचा माऊस निघालाच तिकडं, एसटीच्या आधी पोचतो! कचऱ्याचा डबा तेवढा गावाबाहेर नेऊन ठेवलेला. आणि बारकावा किती म्हणता? एका घरची दोन लग्नं असली तर दोन फोल्डर शेजारी शेजारी. भावाभावांत वाकडं असलं तर मधे एक घर रिकामं!

"पेन ड्राइव्हमधे फाइली येतील रे," काकासाहेब म्हणाले, "पण गावं येतील का? सांग!"

कॉम्प्युटर शिकताना फरहानला हे कुणी शिकवलंय?

तेवढ्यात फोन. करमाडहून सोमनाथ. मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, पत्रिका छापायला जायच्या बेतात, आणि… "काकासाहेब, घात झाला! पत्रिकेत मामाचं नाव राहिलं की हो! मेहुणा फुगून बसलाय. म्हणतो, जिथं माझं नाव नाय तिथं मी नाय. मामाशिवाय पोरीला बोहल्यावर आणायचं कुणी? आज दुरुस्त पत्रिका त्याच्या हातात पडली तर ठीक, नायतर तो चालला गावाला!"

"देतो की! हा काय, समोरच बसलोय!" काकासाहेब बोलून गेले. समोर काय होतं? उघडा डबा आणि ओला झेंडू!

फरहान धावपळ करून बोर्ड घेऊन आला. तसलाच मिळतोय कुठं? दुसऱ्याच कंपनीचा आणला. जुनी हार्डडिस्क आहे तशी त्याला जोडली. "काका, किरायेदार वही, मकान नया. जम गया तो जम गया." बटण दाबलं… आणि पडदा सगळा निळा, वर रडकं तोंड! परत दाबलं. परत रडकं तोंड! सरूबाई म्हणाल्या, "अगं बाई, याला काय झालं रडायला? रडायचं तर आपण!"

"काका, मैं बोला था ना, अब तो फॉर…"

"फॉरमॅट मारायचं नाय!"

असा आवाज लागला म्हणता, समोरच्या दुकानात बांगड्या भरणारी बाई हात तसाच ठेवून वळून बघायला लागली!

मग फरहाननं शर्टाच्या बाह्या वर केल्या. आतल्या सेटिंगात घुसला, नव्या बोर्डाला हार्डडिस्क जुन्या रीतीनं वाचायला लावली, बटण दाबलं. रडकं तोंड गेलं. पांढरे ठिपके गोल फिरायला लागले… फिरतायत… फिरतायत… काकासाहेबांनी हात जोडले. सरूबाईंनी उदबत्ती उचलली. "ठेव ती खाली! पूजा नको आता!" तिकडून सोमनाथचा फोन, "काकासाहेब, मामानं चप्पल घातली!" आणि एवढ्यात स्क्रीन उघडली.

"देखो काका! एक फाइल नय गयी! फॉरमॅटबी नय मारा!" फरहान नाचायचाच राहिला.

काकासाहेबांनी बघितलं… आणि मटकन खाली बसले.

नव्या बोर्डाला स्क्रीनची ओळख पटायची होती, म्हणून चित्र झालेलं ढोबळ. एकेक फोल्डर भाकरीएवढं. जुन्या जागांवर मावेनात, तर विंडोजनं काय करावं? शहाणपणा! स्वतःच्या मनानं सगळी ओळीत लावून दिली, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. वैजापूर सिल्लोडच्या शेजारी! पैठण पिशोरच्या डोक्यावर! कोर्टात भांडणारे भाऊ एकमेकाला चिकटून! आणि करमाड? करमाड कुठाय? सोमनाथ कुठाय? कुणाचा मामा कुठल्या फोल्डरात?

काकासाहेब खालूनच म्हणाले, "फरहान… आता मार बाबा फॉरमॅट."

"अब? अब तो चालू हो गया ना, काका!"

शेवटी सरूबाईच पुढं सरसावल्या. "उघडा एकेक. मी नवरदेवाचं नाव वाचते, तुम्ही गावाला पोचवा. आणि आता तरी नावं द्या त्यांना!"

"नावं देत बसलो तर मामा निघून जाईल!"

झालं सुरू. त्या वाचतायत, हे ओढतायत. हा गंगापूरचा, जा डावीकडं. हा फुलंब्रीचा, चल वर. सोमनाथ सापडला कधी? पार शेवटी शेवटी! मामाचं नाव घातलं, नवरदेवापेक्षा ठळक घातलं, प्रत काढली. सोमनाथ गाडीवर येऊन घेऊन गेला, आणि थोड्या वेळानं त्याचा फोन, "मामानं चप्पल काढली!" काकासाहेबांचा जीव भांड्यात पडला. उरलेली गावंही जागेवर गेली, वाकड्यातल्या भावांमधलं घर परत रिकामं झालं, सरूबाईंनी चहा टाकला. काकासाहेब स्क्रीनकडं असे बघत होते, जशी लेक नांदायला जाऊन परत माहेरी आलीय.

आणि स्क्रीनची पापणी लवली. एकदाच. काळी झाली आणि परत आली.

"काका, डर नक्को," फरहान म्हणाला खरा, पण स्वतःच दोन पावलं मागं सरकला. "डिस्प्लेका ड्रायवर… अपनेआप उतर गया."

म्हणजे बोर्डाला स्क्रीनची ओळख पटली! आता चित्र एकदम झकास, बारीक, लख्ख! स्क्रीन मोठी झाली, पण गावं? गावं होती तिथंच राहिली, डावीकडं, कोपऱ्यात दाटीवाटीनं. उजवी बाजू सगळी मोकळी, अन् उजव्या टोकाचं करमाड येऊन बसलं बरोब्बर मधोमध… औरंगपुऱ्यात!

फरहाननं हळूच माऊस पुढं केला. "फिरसे लगाएंगे, काका?"

काकासाहेबांनी माऊस बाजूला सारला, चहाचा कप ओढला, एक लांब घोट घेतला.

"राहू दे," म्हणाले. "तसंबी करमाड आता शहरातच आलंय."