गौतमीचं पहिलं पाणी

अपूर्वा : बाटली फ्रिजमध्येच आहे, आई, मी हात लावलेला नाही. त्यातलं गौतमीला द्यायचं नाही, एवढंच म्हणतेय.

गयाबाई : एवढंच म्हणे. काल उन्हातान्हात महाडला गेले, चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, गुडघे बोंबलत होते तरी वाकून या हातांनी बाटली भरली. ती काय फ्रिजला शोभा म्हणून? आमच्या घरात पोराच्या ओठाला पहिलं पाणी तळ्याचं लागतं. विशालला माझ्या सासूनं लावलं, त्याच्या बहिणीला मी लावलं. दोघंही ठणठणीत आहेत. एकाला अक्कल जरा कमी आहे, पण ती पाण्यामुळं नाय.

विशाल : आये, मी इथंच बसलोय.

गयाबाई : म्हणून तर बोलले.

अपूर्वा : लावू नका असं कुठे म्हणतेय? सहा महिने पूर्ण होऊ देत. आत्ता तर तिसरा संपलाय. जूनमध्ये लावा.

गयाबाई : आणि आज संध्याकाळी मजल्यावरच्या बाया येतायत, त्यांना काय सांगू? गूळ-खोबरं आणून ठेवलंय. दारोदार जाऊन सांगून आले, या गं, माझ्या नातीला तळ्याचं पाणी लावायचंय. आता काय म्हणू, सूनबाईला विचारून कळवते?

अपूर्वा : डॉक्टरांनी लस दिली तेव्हाच बजावलंय. विशालही होता. सांग की रे.

विशाल : होतो म्हणजे... हो. आये, दुधातच पाणी असतं म्हणाले. तेवढं बाळाला पुरतं. पोट केवढंसं असतं, त्यात पाणी भरलं की दूध कमी पिणार, वजन वाढणार नाही. आणि ते किडनीचं काहीतरी.

अपूर्वा : किडनी अजून कच्ची असते. जास्तीचं पाणी तिला बाहेर टाकता येत नाही. मग रक्तातलं मीठ पातळ होतं. पोर सुस्त पडते, झटकेसुद्धा येतात.

गयाबाई : थेंबानं?

अपूर्वा : थेंबानं झटके नाही येणार. पण न उकळलेल्या पाण्याच्या थेंबानंही पोट बिघडू शकतं. आणि थेंबावर कुठे थांबणार आहात तुम्ही? काल रात्री वन्संना फोनवर सांगत होतात. ही सोमवारपासून कामावर गेली की मी रोज दोन-चार चमचे पाजते, उन्हाळ्याचं लेकरू सुकून जाईल.

गयाबाई : भिंतीला कान लावून बसतेस?

विशाल : आये, तू फोनवर बोलतेस तेव्हा खालच्या पंपहाउसपर्यंत ऐकू जातं.

गयाबाई : तू गप. हो, म्हणाले. त्यात चोरी काय? पोरीचे ओठ बघ कसे झालेत. एवढा उकाडा, आपण तांब्यानं पितो आणि त्या जिवाला घोट नाय. कुठल्या धर्मात बसतं हे?

अपूर्वा : उकाडा असला की मी जास्त वेळा पाजते. लंगोट ओले होतायत, मोजायची गरज नाही एवढे होतायत. तहानलेलं पोर असं भिजवत नाही.

विशाल : बाबासाहेबांनी काय सांगितलंय आये, शिका. शिकलेल्या माणसाचं ऐकायला काय जातं?

गयाबाई : शिका सांगितलंय. सासूला शिकवा नाय सांगितलं. आणि तळ्याचं नाव निघालंय तर ऐका दोघंही. माझी आई गावात विहिरीवर जायची ना, तिला पोहरा टाकायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून कडेला उभी राहायची. कुणाला कीव आली तर वरून ओतणार. नाय आली तर दुपार व्हायची. ते पाणी मी प्यायले. मग लग्न होऊन मुंबईत आले तर असल्फ्याच्या टेकडीवर. खालून हंडा वर, हंडा वर. आता या बिल्डिंगीत ओट्यावर नळ आला, तर माझ्याच घरात मला सांगतात, पाणी देऊ नको.

अपूर्वा : तसं नाही हो ते.

गयाबाई : कसं आहे मग? सरळ बोल. माझ्या हातचं नको.

विशाल : आये, काय बोलतेस.

गयाबाई : मी बोलते ते हिला कळतं, तुला कळायचं नाय. लग्न ठरलं तेव्हा आपण हिच्या घरी मुलुंडला गेलो होतो, आठवतं? हिच्या मावशीपुढं तांब्या-पेला आला. माझ्यापुढं बंद बाटली. सील न फोडलेली. वर हिची आई म्हणाली, तुम्हाला बाहेरचं पाणी सोसायचं नाही म्हणून मुद्दाम मागवली. मी हसून घेतली. तुझ्या डोक्यात तेव्हा लाडू वळत होते.

विशाल : अगं, त्यांनी चांगल्या मनानं...

अपूर्वा : नाही. चांगल्या मनानं नव्हतं ते. मी पाहिलं होतं.

(पाळण्याची कडी करकरते.)

गयाबाई : पाहिलं होतंस.

अपूर्वा : हो. तेव्हा तिथं तोंड उघडलं नाही. लग्न मोडेल अशी भीती वाटली. पण बाळंतपणाला मुलुंडला गेले नाही मी. सगळ्या मुली माहेरी जातात, आई रडली, मामाला मध्ये घातलं. तुम्हीसुद्धा टोमणा मारला होतात, माहेर एवढं शेजारी आणि ही इथंच ठाण मांडून बसली.

गयाबाई : मला वाटलं, तिथं एसी नाय म्हणून.

अपूर्वा : तुमच्या हातचं नको असतं तर सोमवारपासून पोर दिवसभर तुमच्या हवाली केली असती का? आईनं पाळणाघर शोधून ठेवलंय, तिच्या गल्लीतलंच. मीच नको म्हटलं.

गयाबाई : मग मला नको का म्हणतेस?

अपूर्वा : माझ्या आईलाही म्हटलं. काल तुम्ही महाडला होतात तेव्हा आली होती. बाळगुटी आणली होती, थर्मासमध्ये वाळ्याचं पाणी. चमच्यात ओतलंही होतं. मी चमचा काढून घेतला. ती म्हणाली, आम्ही काय मुलं मारली? अगदी तुमच्यासारखंच.

गयाबाई : माझ्यासारखं नको बोलूस. आणि परत पाठवलंस?

अपूर्वा : थर्मास भरलेलाच परत गेला. डोळे पुसत गेली.

गयाबाई : आईला असं दारातून परत लावतात का? बसायला तरी सांगितलंस?

अपूर्वा : बसली तासभर.

गयाबाई : पाणी?

अपूर्वा : मागितलं नव्हतं. मी आपल्या माठातलं पेला भरून तिच्या हातात दिलं. 

गयाबाई : मग?

अपूर्वा : बघत राहिली थोडा वेळ. मग प्यायली.

गयाबाई : सगळं?

अपूर्वा : सगळं.

विशाल : मला हे काहीच कुणी सांगत नाही.

गयाबाई : तुला सांगून काय, तू बातम्या बघ. अपूर्वा, सहा महिने म्हणजे जून ना? नक्की?

अपूर्वा : नक्की. तेव्हा मऊ भात, वरण सुरू करायचं, त्याच्यासोबत पाणी. एकदम नाही, घोट-घोट. पहिला घोट तुमच्या हातचा. तळ्याचं आणा पण उकळून गार करून.

गयाबाई : तळ्याचं पाणी उकळायचं? ज्याच्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली ते चुलीवर चढवायचं?

अपूर्वा : डोकी फोडून घेतली ती पोरं जगावीत म्हणूनच ना.

गयाबाई : जीभ चांगली चालते तुझी. या घरात आलीस तेव्हा नव्हती चालत.

विशाल : इथंच शिकली ती.

गयाबाई : मग फुकट नाय गेलं काही. विशाल, त्या बायांना येऊ नका म्हणून फोन करू नकोस. येऊ देत. गूळ-खोबरं खातील, गाणी म्हणतील. मीच सांगेन, नातीचं पाणी जूनला, मी ठरवलंय. कुणी कारण विचारलं तर म्हणेन, माझं घर, माझी नात. पण ती वच्छला लय आगाऊ आहे. बोलता बोलता पाण्यात बोट बुडवून पोराच्या तोंडात घालते, विचारायची सोयच नाय. अपूर्वा, ती आली की तू गौतमीला घेऊन आतल्या खोलीत जायचं. दारात मी बसते.

अपूर्वा : त्यांना राग येईल.

गयाबाई : वच्छलाचा राग मी तीस वर्षं खाते. पचलाय मला.

अपूर्वा : आणि सोमवारचं?

गयाबाई : सोमवारचं काय?

अपूर्वा : पाळणाघरवाल्या बाईंना आईनं शब्द दिलाय. त्यांना आज काहीतरी कळवायला हवं.

गयाबाई : कळव. नको म्हणून कळव. तू निघायच्या आधी दूध काढून ठेव, वाटी-चमचा उकळून ठेव. पाजायचं मी बघते.